माझ्या पोटात बाईंचा आवाज

मी एक पेनड्राइव्ह. अंगठ्याएवढा, निळा, कडेला झिजलेला. 'मी बोलतोय' असं म्हणायला मला संकोच वाटतो, कारण बोलणं हे माझं काम नाही. माझ्यात जे ठेवाल ते जपायचं, एवढंच माझं काम. तेही मला धड जमलं नाही, हे पुढे कळेलच. तरी आत्मवृत्त सांगायची हौस मात्र दांडगी आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतात. जी भावंडं हुशार निघाली ती कॅमेऱ्यांत गेली, मोबाइलमध्ये गेली. मी काठावर पास झालो. अशांना प्लास्टिकचं टोपण चढवतात, पाठीवर एखाद्या दुकानाचं नाव छापतात आणि फुकट वाटायला देतात. माझ्या पाठीवर चष्म्यांच्या दुकानाचं नाव आलं. बाजूला माझ्यात किती जागा आहे तेही छापलं होतं. खरं सांगायचं तर तेवढी जागा माझ्यात कधीच नव्हती. पण छापलेलं वाचून पहिल्यांदा मीच फसलो आणि स्वतःला मोठं कोठार समजू लागलो.

एक दिवस दुकानात एक काका आले. नवा चष्मा घेतला. दुकानदार खुशीत होता, त्याने माझ्यासोबत माझा एक जुळा भाऊही पुढे केला.

"एक पुरे," काका म्हणाले. "एकसारख्या दोन वस्तू घरात आल्या की त्यातली एक अडगळ होते."

भाऊ परत काचेच्या कपाटात गेला आणि मी काकांच्या खिशात. माझी निवड गुणांवर झाली असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. खरं म्हणजे मी फक्त त्यांच्या हाताजवळ होतो.

काका पाणीखात्यात मीटर तपासायचे. निवृत्त झाल्यावर मुलीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला आणि काकांना नवी नोकरी लागल्यासारखं झालं. मला एका काळ्या दोरीत ओवून त्यांनी गळ्यात घातलं. मी सगळीकडे त्यांच्या छातीवर डुलत जायचो. आजूबाजूच्या इमारतींत त्यांना कॉम्प्युटरकाका म्हणायचे आणि कुणाचं काही अडलं की बोलावणं यायचं.

काकांचे सल्ले ठरलेले असत. पहिला, "आधी बंद कर, मग सावकाश चालू कर." गंमत म्हणजे निम्म्या वेळा ते चालायचं. का चालायचं ते काकांनाही ठाऊक नव्हतं. "यंत्रालाही दम खाऊ द्यावा लागतो," असं ते सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. दुसरा सल्ला, पेनड्राइव्ह उपटून काढायचा नाही, आधी कॉम्प्युटरची परवानगी घ्यायची. हा मात्र खरोखर लाखमोलाचा. लिहिणं अर्धवट असताना आम्हाला ओढून काढलं की आमची स्मृती फाटते. तिसरा, मला खाचेत घालण्यापूर्वी जोरात फुंकर मारायची. हिचा काडीचा उपयोग नाही, उलट तोंडातली वाफ आत जाते. पण काका अशा थाटात फुंकर मारायचे की मलाही आपण जरा उजळलो असं वाटायचं. मग ते मला उलटा घालायचे, मग सुलटा, तसाही बसलो नाही की पुन्हा पहिल्यासारखा, आणि तेव्हा मी बसायचो.

आणि चौथा सल्ला: "महत्त्वाची गोष्ट नेहमी दोन ठिकाणी ठेवा." हे ते सगळ्यांना बजावायचे. स्वतःच्या घरात मात्र दोन कात्र्या दिसल्या की त्यातली एक कुणालातरी देऊन टाकायचे. या दोन काकांची एकमेकांशी ओळख नसावी.

काकांच्या घरी बाई होत्या. म्हणजे त्यांची बायको, पण त्यांना बाईच म्हणायला हवं, सगळे तेच म्हणत. त्या बालवाडीत शिकवायच्या. दुपारी चटया अंथरून मुलांना झोपवायचं काम त्यांचं. बाई गोष्ट सुरू करायच्या, आवाज हळूहळू खाली आणायच्या आणि राजा जंगलात पोचेपर्यंत अर्धी मुलं गाढ झोपलेली असायची. रडवं मूलही बाईंचा आवाज ऐकला की अंगठा तोंडात घालून आडवं व्हायचं.

तर या बाईंच्या घशात गाठी झाल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. जिवाला धोका नाही. पण नंतर बरेच दिवस एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढे आवाज येईल तो पूर्वीचा असेलच असं नाही.

"मग कसला येईल?" बाईंनी विचारलं.

"ते आधी सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

 घरी येताना जिना चढता चढता बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या आवाजाला मुलं घाबरली तर?"

काका थांबले. "तुझा आहे तो आवाजच आपण ठेवून देऊ," ते म्हणाले. "कॉम्प्युटर कशाला आहे? मी कशाला आहे?"

मी त्यांच्या छातीवर होतो. मनात म्हटलं, आणि मी कशाला आहे?

नाक्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एकजण होती, कमरेला स्क्रूड्रायव्हर आणि जीभ त्याहून टोकदार. तिला सगळे दुरुस्तीवाली म्हणत. ती माइक बसवायला आली. कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये 'गोष्टी' नावाचा फोल्डर केला आणि बाईंना पटकन सापडावा म्हणून पडद्यावर दर्शनी भागात त्याचं एक चित्र आणून ठेवलं.

"काका, ही नुसती खूण आहे हं," ती म्हणाली. "फोल्डर आत आहे. या चित्राच्या कोपऱ्यात बाण दिसतोय ना, तो..."

पण काका तेव्हा तिला माइक कसा बसवायला हवा होता ते समजावत होते. त्यामुळे बाणाचं पुढे काय ते त्यांच्या कानापर्यंत आलंच नाही.

मग रोज सकाळी गोष्टींचं काम चालायचं. खिडक्या लावून घ्यायच्या, पंखा बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, माइक ओठांसमोर न धरता जरा कडेला, म्हणजे प आणि फ फाटत नाहीत. बाई खुर्चीत बसून बंद खोलीला गोष्टी सांगायच्या आणि काका डोळे मिटून ऐकायचे. बाई फार मन लावून सांगत होत्या. मध्येच घसा दुखायचा, पाणी प्यायच्या, पुन्हा सुरू करायच्या. आपला आवाज चालला आहे हे माहीत असलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. ते ऐकताना मला माझ्या निळ्या प्लास्टिकची लाज वाटायची.

शेवटची गोष्ट झाली आणि माझा मोठा दिवस उजाडला. काकांनी फुंकर मारली, उलटा-सुलटा करून मला बसवलं, पडद्यावरचं ते बाणवालं चित्र उचललं आणि माझ्यावर आणून सोडलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं.

एवढ्या सगळ्या गोष्टी इतक्या झटकन कशा आल्या, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या पेनड्राइव्हला पडला असता. मलाही पोटात काही पडल्यासारखं वाटलं नव्हतं. पण आवाजाला कुठलं आलंय वजन, अशी मी माझी समजूत घातली. आपण फार चपळ आहोत, असंही वाटून गेलं.

काका तसे सावध माणूस. त्यांनी मला उघडून पाहिलं. चित्रावर टिचकी मारली तर गोष्टींची सगळी रांग दिसली, एक वाजवली तर बाईंचा आवाज खोलीत घुमला. माझ्या पोटातून बाई बोलतायत! माझी छाती फुगली. खरं तर हा आवाज माझ्या पोटातून येत नव्हता, मी फक्त डी ड्राइव्हच्या दिशेने बोट दाखवत होतो आणि कॉम्प्युटर तिथून आणून वाजवत होता. माझ्यात होता तो नुसता पत्ता. त्या घरात असेपर्यंत पत्ता अगदी बरोबर होता, एवढंच.

आणि मग काकांनी आवरायला घेतलं. गोष्टी दर्शनी भागात दिसतायत, पेनड्राइव्हमध्ये दिसतायत आणि वर डी ड्राइव्हमध्येही. "तीन-तीन ठिकाणी?" ते पुटपुटले. "दोन पुष्कळ झाली." त्यांनी डी ड्राइव्हमधला फोल्डर पुसला. तोही साधा नाही, कायमचा पुसला, कारण कचऱ्याच्या टोपलीत कचरा साठवणं त्यांना आवडत नसे. मग समाधानाने हात झटकून ते बाईंची दवाखान्याची पिशवी भरायला गेले.

ऑपरेशन नीट झालं. बाई घरी आल्या, गळ्याला पट्टी आणि हातात पाटी. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. काकांनी मला बालवाडीत नेलं. बाईंच्या जागी आलेल्या ताईला त्यांनी माझ्याबद्दल एक छोटं भाषण दिलं. चटया अंथरल्या होत्या. मुलं आडवी झाली होती. ताईने मला तिथल्या कॉम्प्युटरला लावलं, माझ्यावर टिचकी मारली आणि पडद्यावर एक चौकट उमटली. हा मार्ग जिथे जातो तिथे काहीच नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

"काका, यात तर काहीच नाहीये."

"असं कसं होईल? बंद करून चालू कर."

बंद करून चालू केलं. फुंकर मारली. मला तीनदा फिरवलं. मी माझं पोट धुंडाळलं, कोपरान्‌कोपरा पाहिला. एक बाण सापडला, बाकी सगळा शुकशुकाट. इतके दिवस बाईंचा आवाज गळ्यात मिरवणारा मी एक रिकामा डबा निघालो. मुलं उठून बसली होती. एका मुलीने विचारलं, "बाई कधी बोलणार?" काका चप्पल घालायची विसरून बाहेर पडले, पुन्हा आत आले आणि ती घालून घरी गेले.

घरी बाईंनी खुणेने विचारलं. दोन्ही तळहात जोडून गालाखाली घेतले, भुवया उंचावल्या. झोपली का मुलं?

काकांनी मान डोलावली. हो, झोपली.

बाईंनी डोळे मिटून निःश्वास सोडला. मी काकांच्या छातीवर होतो, त्यामुळे त्यांचं काळीज कसं धडधडतंय ते मला चांगलं जाणवत होतं. त्यांनी डी ड्राइव्ह उघडला. टोपली उघडली. कुठेच काही नव्हतं. तेव्हा त्यांना बाण म्हणजे काय ते कळलं.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण कॉम्प्युटरकाकांनी दुसऱ्याकडे जायचं म्हणजे काय! पुसलेलं परत आणून देणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यांनी इंटरनेटवरून उतरवला आणि नेमका डी ड्राइव्हमध्येच बसवला. तो काही करेना, म्हणून दुसरा उतरवला. मग कॉम्प्युटर मंद झाला म्हणून तो साफ करणारा तिसरा. तिन्ही प्रोग्राम घसघशीत होते आणि तिन्ही त्याच जागेत पाय पसरून बसले. दरम्यान रोज दुपारी बाई गालाखाली हात घ्यायच्या आणि काका मान डोलवायचे. त्यांना जेवण जाईना.

शेवटी ते कॉम्प्युटरचा डबा छातीशी धरून दुरुस्तीवालीकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पुसल्यानंतर मशीन वापरलंत?"

काकांनी तीन प्रोग्रामांची नावं सांगितली. तिने कपाळावर हात मारला.

"अहो काका, फाइल पुसली म्हणजे ती लगेच मरत नाही. दारावरची पाटी काढतात फक्त. माणसं आत बसलेली असतात. दुसरं बिऱ्हाड येऊन राहीपर्यंत त्यांना कुणी हलवत नाही. म्हणून काही पुसलं गेलं की पहिलं काम काय? हात मागे घ्यायचे. मशीन बंद. तुम्ही तीन बिऱ्हाडं नेऊन बसवलीत!"

"मिळेल का काही?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ती पुढचं बोलणं गिळून गेली.

"बघते. वचन देत नाही. आणि हे गळ्यातलं काढा आधी, उगाच लोंबतंय."

उगाच लोंबतंय! इतकं नेमकं वर्णन माझं आजवर कुणी केलं नव्हतं. काकांनी मात्र मला काढलं नाही.

तिने डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला लावली आणि जे सापडलं ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. बऱ्याच गोष्टी मिळाल्या. काही अर्ध्यावर तुटलेल्या होत्या, काहींत मध्येच नुसती खरखर. नाव एकाचंही उरलं नव्हतं, नुसते आकडे. कुठलं शेपूट कुठल्या गोष्टीचं, ते एकच माणूस सांगू शकणार होतं.

म्हणजे आता बाईंना सांगणं भाग होतं. काकांनी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"अगं, मुलं झोपत नाहीयेत," ते म्हणाले. "मी रोज खोटं सांगत होतो. तुझ्या गोष्टी मी पुसून टाकल्या. माझ्याच हाताने, अडगळ म्हणून."

 बाईंनी पाटी उचलली, काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग पाटी खाली ठेवून त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. रडायलाही मनाई होती, म्हणून आवाज न करता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. काकांना खूप वाईट वाटत होतं आणि ते दूर करायला त्यांच्याकडे एकही सल्ला नव्हता. मला एखाद्या खाचेत तोंड लपवावंसं वाटलं, पण मला उलटा-सुलटा करायलाही कुणी नव्हतं.

बऱ्याच वेळाने बाई स्वतःच उठल्या आणि कॉम्प्युटरपाशी येऊन बसल्या. एकेक आकडा उघडायचा, ऐकायचं, बाई पाटीवर नाव लिहायच्या, काका ते टाइप करायचे. हा कोल्हा. ही म्हातारी. हा अर्धा राजा, जंगलात गेला तो परत आलाच नाही. स्वतःचा गेलेला आवाज त्या मान तिरपी करून ऐकत होत्या, ओळखीच्या कुणाचातरी असल्यासारखा.

मग एक आकडा उघडला, तर गोष्ट नव्हतीच.

"अहो, चालू झालं का हे? लाल दिवा बघा. माझ्या तोंडाकडे काय बघताय, दिव्याकडे बघा! पंखा बंद करा म्हटलं तर ट्यूब बंद केलीत. आणि सकाळची गोळी घेतलीत का? नाही घेतलीत. माहीतच होतं मला. टेबलावर ठेवली होती नाकासमोर. हातात द्यायची, पाणी द्यायचं, आता गिळायचीही मीच का? अहो, ऐकताय ना?"

आणि संपलं. पहिल्या दिवशी माइक तपासताना ते आपोआप भरलं गेलं होतं. एकही अक्षर तुटलेलं नव्हतं. सापडलेल्या सगळ्यांत तेवढंच अख्खं सलामत होतं.

बाईंनी हाताने खूण केली. पुसा हे, कचरा आहे.

काकांनी मान हलवली. नाही. बाईंनी पुन्हा खूण केली. काकांनी माउसवरचा हात मागे घेतला आणि तो पाठीमागे लपवला.

"हे नाही पुसणार," ते म्हणाले. "मुलांसाठी, मुलांसाठी म्हणत होतो गं मी इतके दिवस."  बाईंनी त्यांचा तो पाठीमागचा हात ओढून पुढे घेतला.

त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने भरलो. चित्र नाही, बाण नाही, खुद्द आवाज. या वेळी बराच वेळ लागला आणि पोटात काहीतरी पडतंय हेही कळलं. शिवाय कॉम्प्युटरमध्ये एक, दुरुस्तीवालीकडून आणलेल्या वेगळ्या डिस्कवर एक. काकांनी मला तिच्या दुकानात नेऊन तिच्या मशीनवर उघडून पाहिलं, कारण आपल्या घरी आपला पत्ता कुणालाही बरोबरच वाटतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. बाईंना आवाज आला. जाड, घोगरा, मधूनच चिरकणारा. पहिल्या दिवशी त्या बालवाडीच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. काका आणि मी मागे. मग आत जाऊन म्हणाल्या, "चला, आडवे व्हा."

मुलं टकामका बघू लागली. एकाने जाहीर केलं, "बाईंचा आवाज अस्वलाचा झाला!" आणि सगळ्यांनी एकच गिल्ला केला, की मग अस्वलाची गोष्ट हवी. बाईंनी सांगितली. अस्वल गुहेत पोचायच्या आत अर्धी मुलं झोपली होती. माझ्या पोटातल्या गोष्टींची तिथे कुणाला आठवणही झाली नाही. एवढं रामायण होऊन माझी गरज पडली नाही, याचं मला दुःख व्हायला हवं होतं. पण खरंच नाही झालं.

आता माझं टोपण हरवलं आहे, कडेला तडा गेला आहे. आमच्या जातीचं आयुष्य फार मोठं नसतं आणि जाताना आम्ही सांगून जात नाही. म्हणून विनंती एवढीच, की माझ्यासारख्यावर विसंबू नका. जपायचं ते दुसरीकडेही जपा, आणि परक्या मशीनवर उघडून बघा. माझा दिमाख बघून फसू नका, मी स्वतः फसलो आहे.

रोज दुपारी बाई बालवाडीत जातात. काका जेवून, गोळी घेऊन, मला कॉम्प्युटरला लावतात. गोष्टी नाही, ते एकच वाजवतात आणि आरामखुर्चीत मागे टेकतात. लाल दिवा, पंखा, ट्यूब, गोळी, सगळं ओरडून होतं. निम्म्यातच त्यांची मान कलते, चष्मा नाकावर घसरतो. मग शेवटी माझ्यातून बाई विचारतात, "अहो, ऐकताय ना?"

"हो गं," काका झोपेतच म्हणतात.